भूल देणाऱ्याचा धनी कोण?

मराठीतला 'भूल' हा शब्द मोठा फसवा आहे. रानात वाट चुकली म्हणजे भूल पडते, एखाद्याच्या गोड बोलण्याची भूल पडते आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर देतात तीही भूलच. कन्नडात या शेवटच्या भुलीला 'अरिवळिके' म्हणतात. अरिवु म्हणजे जाणीव. ती लोपणे म्हणजे अरिवळिके. कन्नड शब्द अधिक नेमका आहे, हे मराठीचे शिक्षक असूनही आम्हांला मान्य करावे लागते. या महिन्यात लिहावयाचे आहे ते ही भूल देणाऱ्या माणसांविषयी. आणि त्यांच्या नेमणुकीतून व पगारातून जे तंटे उभे राहतात, त्यांविषयी.

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुरी हाती घेतलेला शल्यविशारद उभा राहतो. भूलतज्ज्ञाचे नाव घरी परतल्यावर कुणाला आठवत नाही. वस्तुतः रुग्ण बेशुद्ध असतो तेवढा वेळ त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि प्राणवायू ही सारी या एका माणसाच्या स्वाधीन असतात. त्याचे काम सुई टोचल्याने सुरू होत नाही, व टाके घातल्याने संपतही नाही. रुग्ण उपाशी आहे की नाही, त्याला दमा आहे काय, कोणते औषध सोसत नाही, रक्त किती आहे, हे त्याने अगोदर पाहावयाचे असते. आणि शुद्ध नीट येईपर्यंत लक्ष ठेवावयाचे असते. त्याच्या जोडीला ऑपरेशन थिएटरातील तंत्रज्ञ असतो. सिलिंडरात प्राणवायू पुरेसा आहे काय, यंत्राची नळी कोठे गळते काय, हे तो पाहतो. हे दोघे नसतील, तर उत्तम शल्यविशारदही हात बांधून बसतो.

आमच्यासारख्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो, ते दूरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरील धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. जंगल दाट, वस्ती विरळ, कुणब्यांच्या वाड्या एकमेकींपासून दूर. बाळंतीण अडली आणि पोट चिरून मूल काढण्याची वेळ आली, तर दांडेली, धारवाड, हुबळी की अणशीचा घाट उतरून कारवार, याचा निर्णय गाडीत बसता बसता करावा लागतो. रामनगरकडची माणसे अनमोडमार्गे गोव्यात जातात. तेथेही २०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. २० जुलै २०२२ रोजी होन्नावरहून कुंदापूरकडे रुग्ण नेणारी रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर उलटून चौघे दगावले. त्यानंतर जिल्ह्यात मोठ्या रुग्णालयाच्या मागणीने पुन्हा जोर धरला, हे आमच्या भागातील वाचकांच्या स्मरणात असेल.

सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञांचा तुटवडा आहे, हे जुने दुखणे. त्यावर दोन उपाय झाले. एक, साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांचे शिक्षण देऊन अडलेल्या बाळंतपणापुरती भूल देण्यास तयार करणे. दुसरा, २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यावर रूढ झाला तो, म्हणजे शहरातील खाजगी भूलतज्ज्ञास दर शस्त्रक्रियेमागे ठराविक रक्कम देऊन बोलावणे. या सोयीने पुष्कळ माता वाचल्या असतील आणि तिला आम्ही नावे ठेवणार नाही. येथे रुग्णालय आणि डॉक्टर समोरासमोर असतात. परंतु तिसरीच रीत हळूहळू बळावते आहे. माणसे पुरविण्याचा ठेका एखाद्या कंपनीस द्यावयाचा आणि तंत्रज्ञ, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार तिच्यामार्फत घ्यावयाचे. खाजगी रुग्णालयांत तर भूलविभागच्या विभाग अशा रीतीने बाहेर देता येतो. काम रुग्णालयात, हुकूम रुग्णालयाचा, पगारपत्रक मात्र तिसऱ्याच्या कचेरीत!

या ठिकाणी एक जुना खटला सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहात वॉर्डात काम करणाऱ्या दोन स्त्रियांना १९५४ च्या सुमारास कामावरून काढले, आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेली दोन माणसे घेतली. नुकसानभरपाई काही दिली नाही. त्यांच्या बाजूने हॉस्पिटल मजदूर सभा उभी राहिली. सरकारचे म्हणणे असे, की रुग्णालय हा उद्योगधंदा नव्हे, तेव्हा कामगार कायदा येथे लागूच होत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६० च्या जानेवारीत त्या दोघींच्या बाजूने निकाल लागला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर, ज्यांचे आडनावच आमच्या कर्नाटकातील गजेंद्रगडाचे. पुढे १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने उलट मत दिले. आणि १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या खटल्यात सात न्यायाधीशांनी ते पुसून टाकले.

त्या दोन स्त्रियांपाशी ना पैसा होता, ना शिक्षणाचे बळ. तथापि एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. आपला धनी कोण, हे त्यांना ठाऊक होते. मुंबई सरकारने कामावर घेतले, मुंबई सरकारने काढले. सबब मुंबई सरकारवर दावा. आज त्याच वॉर्डात ठेकेदाराकडून आलेली बाई असती, तर तिला प्रथम आपला मालक शोधून काढण्यासाठीच भांडावे लागले असते. रुग्णालय म्हणते, तू आमची नव्हेस. ठेकेदार म्हणतो, सरकारकडून बिल निघालेले नाही. मधल्यामध्ये पगाराची तारीख निघून जाते.

हे काल्पनिक नव्हे. कर्नाटकात २००८ च्या नोव्हेंबरात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि ती चालविण्याचे काम बाहेरच्या संस्थेकडे देण्यात आले. २०२२ च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात थकलेल्या पगारासाठी तेथील कर्मचाऱ्यांनी काम थांबविण्याचा इशारा दिला. आणि पैसा सरकारच्या दारी अडला की संस्थेच्या, याचाच काथ्याकूट झाला. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी कचेऱ्यांना माणसे पुरविण्यासाठी नऊ कंपन्या नेमण्याचा शासननिर्णय निघाला; तरुणांत इतका असंतोष उसळला की ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. ठेका कामगारांचा १९७० चा कायदा होताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. या संहितेत संस्थेच्या मुख्य कामासाठी ठेका कामगार लावण्यास मनाई आहे, अर्थात काही अपवाद ठेवून. सफाई, पहारा, उपाहारगृह यांसारखी कामे, संस्था त्यांच्यासाठीच स्थापन झालेली नसेल तर, मुख्य मानलेली नाहीत. कारखान्याने आपल्या कामगारांसाठी चालविलेला दवाखाना हे कारखान्याचे मुख्य काम नव्हे, हे समजण्याजोगे आहे. परंतु रुग्णालयातच भूल देणे हे मुख्य काम नव्हे, असे कोण म्हणू शकेल? ठेकेदाराने पगार थकविला, तर तो मूळ मालकाने द्यावयाचा, हे कलमही आहे. आणि सरकारी कचेरीत ठेक्याची माणसे असतील, तर तेथे सरकार हेच मूळ मालक. मात्र ठेका कामगारांविषयीच्या या तरतुदी पन्नास वा अधिक ठेका कामगारांच्या संस्थेस लागू आहेत. जुन्या कायद्यात ही संख्या वीस होती. लहान तालुका रुग्णालयात एवढी माणसे कोठून असणार? पन्नास माणसे नेमणारा ठेकेदार तेवढा त्या जाळ्यात सापडतो.

आणखी एक मौज अशी, की थिएटरातील तंत्रज्ञ कायद्याने कामगार ठरतो. भूल देणारा डॉक्टर साधारणपणे ठरत नाही. त्याचा पैसा बुडाला, तर त्याला कराराचा कागद घेऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. (आम्ही शिक्षकही त्या व्याख्येबाहेरचेच. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगून ठेवले आहे.) मग भूलतज्ज्ञ सरळ मार्ग धरतो. भांडत नाही, फक्त पुढच्या वेळी फोन उचलत नाही. या संपाची नोटीस कुणाला मिळत नाही. ती मिळते रात्री दोन वाजता, अडलेल्या बाईच्या नवऱ्याला.

आमच्या मते या पद्धतीतील खरी गोम मोजमापात आहे. ठेका मोजतो तो 'केसी'. आदल्या दिवशीची तपासणी आणि नंतरची देखरेख कोणत्या दरात बसवावयाची? ज्याला केसीमागे पैसे, तो केसीपुरता येतो. त्यात त्याचा दोषही नाही. अमेरिकेत हा प्रकार फार पुढे गेला आहे. तेथे २०१२ साली टेक्ससमध्ये गुंतवणूकदारांच्या पैशांवर निघालेल्या एका कंपनीने भूलतज्ज्ञांचे गटच्या गट विकत घेतले. स्पर्धा मारून दर चढविल्याचा आरोप ठेवून तेथील संघीय व्यापार आयोगाने २०२३ च्या सप्टेंबरात तिच्यावर दावा लावला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने गुंतवणूकदारांना दाव्यातून वगळले, कंपनीवरील दावा मात्र पुढे चालू ठेवला. भूल देणे रुग्णालयापासून सुटे केले, म्हणजे तो बाजारात घेण्या-विकण्याचा माल होतो.

आपापल्या गावच्या सरकारी रुग्णालयात कोणाचा ठेका आहे, हे मात्र कुणालाही विचारता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. भूलतज्ज्ञाचे पद मंजूर आहे काय व भरले आहे काय, बाहेरून येणाऱ्यास केसीमागे किती देतात व मागचे बिल केव्हा दिले, माणसे पुरविणाऱ्याशी झालेल्या कराराची प्रत, एवढे तीन प्रश्न पुरेत. अर्ज इंग्रजीत, हिंदीत अथवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावा लागतो. आमच्याकडे अर्थातच कन्नडात. कर्नाटकच्या नियमांनी अर्जास दीडशे शब्दांची मर्यादा घातली आहे. त्यात हे तीनही प्रश्न आरामात मावतात.