दोरावरून उतरलेला पाहुणा

बडोद्याच्या सयाजीगंजात समुद्र नाही, गोदी नाही. आहे ते रेल्वे स्टेशन. तरीही जहाजांच्या आरोग्यतपासणीचा विषय निघाला की मला बडोदा आठवते, कारण मुंबई बंदरात जे अडले नाही ते पुढे आगगाडीने गावोगाव गेले.

सप्टेंबर १८९६. मुंबईत गोदीलगतच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, आणि गोदामे म्हणजे उंदीर. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगला हीच साथ होती. तिथून ती जहाजाने आली असे मानतात. युरोप हादरला. १८९७ मध्ये खास प्लेगसाठी व्हेनिसला परिषद भरली. त्याच फेब्रुवारीत आपल्याकडे साथरोग कायदा झाला आणि जहाजे व रेल्वेचे प्रवासी तपासण्याचे अधिकार सरकारला मिळाले. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजेही थांबवली.

तपासणी कसली? तर काखा आणि जांघा चाचपून गाठ शोधायची. आपल्या बायकामाणसांना परक्या माणसाने असा हात लावावा, हे कोणत्या घराला रुचेल? लोक आजार लपवू लागले, आणि ते साहजिकच होते. इकडे डॉक्टर माणसे चाचपत होते, तिकडे खरा पाहुणा नांगरलेल्या जहाजाच्या दोरावरून धक्क्यावर उतरत होता, अंगावर पिसवा घेऊन! १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेचा हा खेळ दाखवला, पण तज्ज्ञांना तो पटायला बरीच वर्षे गेली. आपल्या आजी-पणजींना मात्र खूण ठाऊक होती. ‘उंदीर पडले’ म्हणा की ‘इली बिद्दवु’ म्हणा, घर सोडून माळावर झोपडी घालायची.

बडोदा आठवते ते आणखी एका कारणाने. सयाजीराव महाराजांच्या राज्यात, शहराजवळच्या उंडेरा गावी, १८९८ मध्ये हाफकिन यांनी आपली लस पारखली. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले, बाकीच्यांना नाही. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथे टोचलेल्या ७१ जणांपैकी तिघे गेले, न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६. आकडे वाचताना त्या २६ जणांचा विचार मनातून जात नाही. त्याच वर्षी आपल्या हुबळीतही हजारोंनी ही लस टोचून घेतली.

आता बंदरात दोरांवर उंदीर अडवणाऱ्या गोल चकत्या लावतात. आरोग्य अधिकारी स्वयंपाकघर, पिण्याचे पाणी, कोठारे, कचरा पाहतात. त्यावर मिळणारा दाखला सहा महिने चालतो. ज्यांचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे त्यांनी त्याला पिवळ्या निशाणाबद्दल जरूर विचारावे. पूर्वी ते दिसले की लोक जहाजापासून दूर राहत. आज त्याचा अर्थ असा, की आमचे जहाज निरोगी आहे, आम्हाला आत येऊ द्या.