गुडघ्यांचा बागुलबुवा

यंदा गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने एका संध्याकाळी आरोग्यावर गप्पा ठेवल्या होत्या. बोलणारे गृहस्थ सदाशिव पेठेतलेच, मला फ्रॉकात पाहिलेले, तीस वर्षं न चुकता सारसबागेत फिरायला जाणारे. त्यांचं नाव सांगत नाही, नुसतं काका म्हणते. ते म्हणाले ते पेठेत घरोघरी म्हटलं जातं, मग एकट्या त्यांच्या माथी कशाला मारू?

माईकवरून ते म्हणाले, “वजन उतरवलंत, उत्तम केलंत. पण आता पळायचं खूळ डोक्यात घेऊ नका. जाड माणसाच्या वाट्या आधीच झिजलेल्या असतात, हृदयावरही ताण येतो. देवाने गुडघे मोजून दिलेत, पुरवून वापरा. चाला, पर्वती चढा. पळणं पोरासोरांसाठी.” एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मी 46 वर्षांची आहे. बावीस महिन्यांत 108 किलोवरून 71 वर आले आणि त्यानंतर पळायला लागले. हे गल्लीला ठाऊक आहे. कार्यक्रम संपल्यावर काका मुद्दाम जवळ आले. “अगं, तुझ्या भल्यासाठी सांगतो. माझी मुलगी असतीस तरी हेच सांगितलं असतं.” हातात प्रसादाचा द्रोण होता, समोर वडीलधारं माणूस होतं, मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आठ दिवस डाचलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गुडघे जातात, हृदयावर ताण येतो, वय उलटलेलं असतं, आणि एकदा जाड झालेलं शरीर कायमचं जाडच समजायचं. हे चौथं त्यांनी उच्चारलं नाही, पण बाकीची तिन्ही त्यावरच उभी आहेत.

आधी गुडघ्यांचं बघू. गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर, जितका रस्ता घासला जाईल तितका झिजणार, असं धरून पेठेतली चर्चा चालते. ‘वंगण संपतं’ असंही म्हणतात, जणू बाटलीत भरून ठेवलेलं तेल आहे. गुडघ्यातली कूर्चा ही जिवंत वस्तू आहे. तिला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि ते आत शिरतं दाबामुळे : भार पडला की द्रव पिळून बाहेर जातो, भार उठला की पुन्हा आत शोषला जातो, ओल्या स्पंजासारखा. न वापरलेली कूर्चा पातळ होत जाते. म्हणजे ज्या खुर्चीत बसवून आमचे गुडघे ‘पुरवून वापरायला’ सांगतात, ती खुर्चीच त्यांची उपासमार करते.

तर्क सोडा, मोजमाप पाहा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 1984 पासून 2002 पर्यंत लांब पळणाऱ्या 45 माणसांच्या आणि न पळणाऱ्या 53 माणसांच्या गुडघ्यांचे एक्स-रे पुन्हा पुन्हा काढले. सुरुवातीला सरासरी वय 58 होतं, पोरंसोरं नव्हती. अखेरीस पळणाऱ्यांपैकी 20 टक्क्यांच्या गुडघ्यांत झीज दिसली, न पळणाऱ्यांत 32 टक्क्यांच्या. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला : हौसेने पळणाऱ्यांत खुब्याची किंवा गुडघ्याची झीज 3.5 टक्के, बैठं आयुष्य काढणाऱ्यांत 10.2 टक्के. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत ती 13.3 टक्के निघाली, हेही सांगते. त्या आकड्यात काकांचा मुद्दा आहे, तो त्यांनी घ्यावा. पण सारसबागेभोवती आठवड्यातून तीन दिवस पळणारी बाई त्या शेवटच्या गटात बसत नाही.

यावर काका म्हणतील, ते पळणारे मुळातच काटक असणार, तुमच्यासारखे नव्हेत. त्याचंही उत्तर आहे. 2017 मध्येच 2637 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय 64, सरासरी बीएमआय 28.5, म्हणजे काटक मुळीच नव्हेत. आयुष्यात कधी ना कधी नियमित पळलेल्यांमध्ये गुडघ्याचं दुखणं आणि झीज इतरांपेक्षा कमीच आढळली.

आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा आकडा 2005 मधला आहे. गुडघे दुखणाऱ्या, वजन जास्त असलेल्या 142 प्रौढांना चालायला लावून गुडघ्यावरचा भार मोजला. शरीराचं वजन जितकं उतरलं, त्याच्या चौपट भार प्रत्येक पावलाला गुडघ्यावरून कमी झाला. माझे 37 किलो उतरले. चोक 148. माझ्या गुडघ्यांवरून पावलागणिक 148 किलो उतरले आहेत, सिमेंटची जवळजवळ तीन पोती. 108 किलोच्या काळात मी मंडईतून दोन पिशव्या घेऊन वाड्याचा जिना चढायची तेव्हा ती पोती गुडघ्यांवर होती. तेव्हा हेच काका म्हणायचे, “वजन कमी कर, गुडघे जातील.” वजन कमी केलं, तर आता म्हणतात, “पळू नकोस, गुडघे जातील.” 108 ला गुडघ्यांच्या नावाने हलायचं आणि 71 ला त्याच गुडघ्यांच्या नावाने थांबायचं, हा कुठला न्याय?

आता पर्वती. पर्वतीच्या 103 पायऱ्या हा पुणेकरांचा दवाखाना आहे, मलाही प्रिय आहे. पण 2010 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच संवेदक बसवून भार मोजला आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण 2.6 पट भार येतो, जिना चढताना 3.2 पट, उतरताना जवळजवळ 3.5 पट. गुडघ्यांची एवढी काळजी असणारा माणूस साठीच्या लोकांना रोज पर्वती उतरायला सांगतो, हे त्या संध्याकाळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पळताना एकेका पावलाचा भार चालण्यापेक्षा बराच जास्त असतो, हे खरं. पण पावलं लांब पडतात, कमी पडतात, जमिनीला पाय कमी वेळ टेकतो. एका किलोमीटरची बेरीज केली तर पळण्याचा आणि चालण्याचा एकूण भार जवळपास सारखाच निघतो, हेही मोजून झालं आहे.

हृदयाचं एका ओळीत : अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्ध्या मॅरेथॉन पळलेल्या 1 कोटी 9 लाख लोकांमध्ये 59 जणांचं हृदय बंद पडलं, आणि खुर्चीत बसून गेलेल्यांची बातमी कुणी छापत नाही. वयाचं : पन्नाशीपुढच्या पळणाऱ्यांचा आणि न पळणाऱ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा 19 वर्षांनी पळणाऱ्यांतले 15 टक्के वारले होते, न पळणाऱ्यांतले 34 टक्के. आणि आकडे नको असतील तर बारामतीच्या लता करे आठवा. साठी उलटलेली बाई नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनमधली ज्येष्ठांची शर्यत पळली आणि जिंकली. 2020 मध्ये आलेल्या त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच स्वतःचं काम केलं.

हा वाद मला नवा नाही. शाळेत असताना आम्हा मुलींना लांब पळू देत नसत. एका बाईंनी वर्गात गंभीरपणे सांगितलं होतं की फार पळलं की गर्भाशय खाली सरकतं. आम्ही दहा-बारा वर्षांच्या, विश्वास ठेवला. हीच भीती जगभर घातली गेली आहे. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये बायका 800 मीटर पळल्या, त्यांना दम लागला, आणि तेवढ्यावरून 1960 पर्यंत ती शर्यत बायकांना बंद झाली. बोस्टनच्या मॅरेथॉनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला 1972 मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली 1984 मध्ये. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन त्याआधी वर्षभर, 1983 मध्ये सुरू झाली होती. बाबांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे, आणि टाळ्या वाजवल्या आहेत. पळणं बघायचं असतं, करायचं नसतं, ही शिकवण तिथपासूनची. मुलांना तेव्हा सांगत, वजनं उचलली तर उंची खुंटते. मग दोन गट आले, एक म्हणतो दिवसातून दोनदाच खा, दुसरा म्हणतो दर दोन तासांनी खा. लग्नाच्या पंगतीत त्यांची भांडणं मी ऐकली आहेत. या प्रत्येक वादात शरीराचा मालक सोडून बाकी सगळे बोलतात. गर्भाशयाचं ते वाक्य शेवटी आपोआप मेलं, कारण बायका पळाल्या. कुणी माफी मागितली नाही. गुडघ्यांचं वाक्यही तसंच मरेल, पण तोवर किती जणांना घरी बसवेल, याचा मला राग आहे.

तर मग पळावं का? माझं म्हणणं आहे, पळावं. मी वैद्य नाही, जे केलं ते सांगते. आधी डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं. रक्तदाबाची आणि साखरेची औषधं वजन उतरल्यावर जुन्याच मात्रेत घेत राहिलं तर चक्कर येते, म्हणून ती आधी ठरवून घ्यावीत. शस्त्रक्रिया करून वजन उतरवलेल्यांनी लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि हाडांची ताकद तपासल्याशिवाय सुरू करू नये. वजनाबरोबर स्नायूही उतरलेले असतात, ते परत मिळवायला आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि वजनं. मग पाच मिनिटं भरभर चालणं, साठ सेकंद पळणं, नव्वद सेकंद चालणं, अशी आठ आवर्तनं, आठवड्यातून तीन दिवस. 1996 मध्ये एका अमेरिकन माणसाने नवशिक्यांसाठी आखलेला हा नऊ आठवड्यांचा क्रम आहे. मला सोळा आठवडे लागले. पाचव्या आठवड्यात मी हाव केली, एकदम वीस मिनिटं पळाले आणि नडगी धरली. दम महिन्याभरात वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला कित्येक महिने लागतात. काकांनी हे सांगितलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. सदतीस किलो गेल्यावर कातडी मागे राहते. पोटावरची ती सैल घडी पळताना वरखाली आपटते, त्वचा सोलवटते, घामाने चरचरते. मी पहिल्या दिवशी थांबले ती धाप लागून नव्हे, त्या आपटण्याची लाज वाटून. उंच कमरेची घट्ट पँट आणि घडीखाली व्हॅसलीन, एवढा साधा उपाय होता.

आणि पळायचंच का, चालून भागत नाही का? भागतं. वजन उतरवून ते टिकवणाऱ्या बहुतेकांचा व्यायाम चालणं हाच आहे, आणि ज्याला चालायला आवडतं त्याने सुखाने चालावं. पण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना प्रत्येक पावलाला क्षणभर दोन्ही पाय सुटतात. वीस वर्षं माझे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले नव्हते. पहाटे पावणेसहाला, टिळक रस्त्याच्या फुटपाथवर पेपरवाली मुलं पुरवण्या घालत बसलेली असताना, माझे ते पहिले साठ सेकंद झाले. एका मुलाने मान वर केली, पाय आखडून घेतले आणि पुन्हा पुरवणी घालायला लागला. माझ्या बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. तो जड नव्हता. याहून मोठं समर्थन माझ्याकडे नाही आणि मला ते पुरतं.

सारसबागेच्या वाटेवर काका आणि त्यांची मंडळी चौघं एका ओळीत, सगळी वाट अडवून चालतात. मागून कुणी पळत आलं की वळून बघतात आणि गुडघ्यांचा उपदेश करतात. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. पुढच्या वेळी सैल कातडीचं, घामाघूम झालेलं, धापा टाकणारं कुणी मागून आलं, तर काका, काही सांगू नका. डावीकडे सरका आणि वाट द्या.