हेडफोन लावून : तीन गळ्यांचा मेळा

या वेळी क्वीनचं १९७५ मधलं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'. हेडफोन लावा आणि मधला ऑपेरासारखा भाग ऐका. आवाज डाव्या कानातून उजव्या कानात धावतात; वाटतं, केवढा मोठा गायकवृंद आहे! प्रत्यक्षात गाणारे तिघंच. मधल्या सुरांत फ्रेडी मर्क्युरी (हो, तोच, पाचगणीच्या शाळेत शिकलेला), खाली ब्रायन मे आणि सगळ्यांत वर ड्रमर रॉजर टेलर.

टेपवर ट्रॅक फक्त २४. म्हणून तिघं एकेक ओळ पुन्हा पुन्हा गात, ते सगळे थर एक-दोन ट्रॅकवर एकत्र उतरवत आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचे आवाज भरत. टेप इतकी फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून आरपार दिसायला लागलं, असं मे सांगतात. एकदा आवाज मिसळले आणि आधीचे पुसले, की त्यातला एखादा कमी-जास्त करणं संपलं.

याचा अर्थ मला उशिरा कळला. एका गणपतीत बडोद्याच्या आमच्या घरी प्रत्येकाची आरती मी वेगवेगळी रेकॉर्ड करून मिक्स केली. आजीचा आवाज थरथरतो म्हणून अगदी मागे ठेवला, आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ फाइली उडवल्या. आजी आता नाही. आरती लावली की मी कोरसमध्ये तिला शोधतो. एखाद्या कडव्याच्या शेवटी, सगळे थांबल्यावर, जराशी सापडते.

मिक्स खुशाल करा. घरच्यांच्या मूळ फाइली मात्र पुसू नका.