रस्त्यावरच्या मरणाचा हिशेब



कापसाचा भाव पडला की आपण बैठक भरवतो, पाऊस हुकला की तहसीलवर मोर्चा नेतो. रस्त्यावर माणूस मेला की मात्र 'त्याची वेळ भरली होती' म्हणून गप्प बसतो. हे गप्प बसणे आता परवडणारे नाही.

हिशेब मांडून पाहू. १९७० साली देशात रस्ते अपघातात सुमारे साडेचौदा हजार माणसे मेली. २००१ साली हा आकडा ८१ हजारांजवळ गेला आणि २०२३ साली १ लाख ७२ हजारांच्या पुढे. म्हणजे रोज ४७० माणसे. वाहने वाढली की मरणे वाढणारच, असे सांगतात. युरोपातही वाहने वाढली. तिथे मरणे घटली. तेव्हा दोष नशिबाचा नाही.

मरते कोण? २०२२ सालच्या मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात मेले. शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे होते. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, तेव्हा देश हळहळला. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप आपल्याच जिल्ह्यात तुपेवाडीजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. सात जीव गेले. पण मंठा-जिंतूर किंवा मंठा-परतूर रस्त्यावर एकटादुकटा मरतो, त्याच्या वाट्याला पेपरात चार ओळी.

अपघातांपायी राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे तीन टक्के भाग बुडतो, असे तज्ज्ञ सांगतात. हा पैसा कोणाच्या तिजोरीतून जातो? दवाखान्यासाठी बैलजोडी विकली जाते, मग सावकार येतो, मग एकर-दोन एकर गहाण पडते. कर्ता गेला की कापूस वेचायला पोरीची शाळा सुटते. जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीतही सर्वांत मोठा घाव गरीब आणि ग्रामीण घरांवरच बसतो, असे दिसले.

हक्काचे आहे तेही आपण घेत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूबद्दल दोन लाख रुपये आहेत. ज्यांचे नाव योजनेला दिले, ते मुंडेही २०१४ साली दिल्लीत रस्ते अपघातातच गेले. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा असतो. तेरावे उरकून घर सावरेपर्यंत निम्मी मुदत सरते. धडक देऊन वाहन पळाले, सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून वारसांना दोन लाख मिळतात. हे दान नव्हे, हक्क आहे.

आमची मागणी साधी आहे. रस्त्याकडेच्या विहिरींना कठडे बांधा, फाट्यांवर दिवे लावा, अपघाताच्या जागा हेरून दुरुस्त करा. पण सरकारकडे बोट दाखवताना आपली ट्रॉलीही पाहू. जिनिंगकडे रात्री निघालेल्या कापसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसेल, रिफ्लेक्टर नसेल, तर त्यावर आदळणारा पोरगा आपल्याच शेजारच्या गावचा असतो. २०२२ साली हेल्मेट नसलेले ५० हजारांवर दुचाकीस्वार मेले. त्यांतही आपली पोरे होती.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा: तीन वर्षांत रस्त्यावर कोण गेले, अर्ज कोणाचा झाला, कोणाचा राहिला. तो कागद घेऊनच आम्ही तहसीलची पायरी चढू.