कात्रणांत नसलेली आखनी

पाककृतींच्या कात्रणांची प्रत्येक घरात एक ठरलेली जागा असते. कुणाकडे जुन्या डायरीत, कुणाकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कुणाकडे कपाटाच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत. रमजानच्या आधी घराची साफसफाई निघाली की ही पिशवी खाली येते. दोन-चार कागद उलगडले जातात, "हे केलं होतं, आठवतंय का?" असं कुणीतरी विचारतं आणि पिशवी पुन्हा वर जाते. यंदा ती पिशवी लगेच वर ठेवू नका, एवढी विनंती करण्यासाठी हा लेख.

आपल्या कोकणातल्या घरांची कात्रणं बहुधा दोन लिप्यांत असतात. मराठी कात्रणं 'सकाळ', 'लोकसत्ता' यांच्या रविवारच्या पुरवण्यांतली. उर्दू कात्रणं मुंबईहून येणाऱ्या 'इन्किलाब'मधली किंवा दिल्लीच्या जनाना मासिकांतली. शिवाय मिल्कमेडच्या डब्याचा कागद, कस्टर्ड पावडरच्या खोक्याची मागची बाजू, प्रेशर कुकरबरोबर आलेलं छोटं पुस्तक. १९९३ पासून झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाल्यावर त्यात हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची भर पडली. टीव्हीसमोर बसून, जाहिरात लागायच्या आत, मिळेल त्या कागदावर लिहिलेल्या. त्यांत अर्धे शब्द मराठी, अर्धे उर्दू, आणि शेवटची ओळ बहुतेक वेळा अपुरी.

माझी मरहूम खाला ही कात्रणं फार निगुतीने जपायची. ती गेल्यावर तिच्या सुनेने फाईल माझ्याकडे आणून दिली, कारण त्यातली निम्मी उर्दूत होती आणि तिला उर्दू वाचता येत नव्हतं. मी ती सगळी लावून दिली. साठाच्या वर कात्रणं निघाली. अंड्याशिवायचा केक, कस्टर्ड, ब्रेडचे रोल, शाही टुकडा, पनीरच्या दोन भाज्या, चायनीज भेळ, फ्रूट सॅलड. सुनेने सगळं पाहून विचारलं, "आपा, आखनीची कृती यात कुठे आहे?"

आखनी त्यात नव्हती. सांदण नव्हतं. ओल्या काजूचं मटण नव्हतं, तांदळाच्या शेवया नव्हत्या. ज्या पदार्थांसाठी खालेच्या घरी माणसं ईदची वाट पाहायची, त्यातला एकही त्या फाईलमध्ये नव्हता.

थोडा विचार केला तर यात नवल नाही. जे येत नाही ते माणूस कापून ठेवतो. जे रोज हाताखालून जातं त्याचं कात्रण कोण करणार? केक तिने पहिल्यांदा वाचून केला, म्हणून केकची कृती राहिली. आखनी ती आईच्या शेजारी उभं राहून शिकली, म्हणून ती कागदावर आलीच नाही. वर्तमानपत्रांनीही ती फारशी छापली नाही. यखनी म्हणजे मटणाचं उकडलेलं पाणी. त्यात तांदूळ शिजवायचा, म्हणून ती आखनी. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मटण किती, पाणी किती, खडा मसाला कधी घालायचा आणि कधी काढायचा, हे एकेका घराचं एकेक असतं, आणि ते त्या घरातल्या एखाद-दुसऱ्या बाईलाच ठाऊक असतं.

म्हणून कात्रणांच्या पिशवीकडे दोन कामांसाठी बघावं असं मला वाटतं. आत जे आहे ते वाचायचं, करायचं, वाटायचं. आणि आत जे नाही त्याची यादी करायची.

आत जे आहे त्याबद्दल आधी. कात्रण हातात आलं की ते उलटून पाहा. मागच्या बाजूला अर्धवट बातमी असते, सोन्याचा भाव असतो, एखाद्या सिनेमाची किंवा निवडणुकीची जाहिरात असते. त्यावरून कागद कोणत्या वर्षाचा ते पुष्कळदा कळतं. ईदच्या पदार्थांसाठी ही तारीख कामाची आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांनी त्याच हंगामात परत येते. २०१६ साली रमजान ईद ७ जुलैला, भर पावसात होती. २०२५ साली ती ३१ मार्चला आली, म्हणजे ओल्या काजूच्या आणि कोवळ्या फणसाच्या दिवसांत. त्यामुळे आईच्या तरुणपणच्या ईदच्या वेळी बाजारात जे मिळत होतं तेच आज मिळेल असं नाही. कधी कधी मात्र नेमकं तेच मिळतं. तीसेक वर्षांपूर्वीचा एखादा कागद आज पुन्हा हंगामाला जुळतो.

दुसरी गोष्ट मापांची. १९५८ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, पण जुन्या लिखाणात आणि जुन्या बायकांच्या बोलण्यात शेर, छटाक, तोळा पुढे कितीतरी वर्षं राहिले. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅमच्या आसपास. आजच्या पाव किलोपेक्षा थोडा कमी. छटाक म्हणजे पाच तोळे, सुमारे ५८ ग्रॅम. धान्याचा शेर मात्र मापाचा, वजनाचा नव्हे: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. "शेरभर तांदूळ" वाचलं की तो वजनाचा की मापाचा, हे घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. मटणात थोडं इकडेतिकडे चालतं, सांदणाच्या पिठात चालत नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा हवेत वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, तुटतो, त्याला कसर लागते. पिठाच्या खळीने चिकटवलेला कागद कसर आधी खाते. चिकटपट्टीचे डागही पुढे अक्षरांवर पसरतात. कात्रणाच्या दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा, मग कृती शाईने वहीत उतरवून घ्या, आणि मूळ कागद कोरड्या डब्यात सुटा ठेवा. तेलाचा डाग पडला असेल तर पडू द्या. सगळ्यात जास्त डाग असलेला कागद म्हणजे त्या घरात सगळ्यात जास्त वेळा केलेला पदार्थ.

उर्दू कात्रणांबद्दल शिक्षिका म्हणून एक सांगते. आपल्या अनेक मुलांची शाळा आता इंग्रजी किंवा मराठी माध्यमाची आहे. अरबी अक्षरं त्यांना ओळखता येतात, पण उर्दूचा कागद त्यांना वाचता येत नाही. नानीने जपलेलं कात्रण त्यांच्या दृष्टीने बंद पेटी आहे. उर्दू वाचायला सुरुवात करण्यासाठी पाककृतीइतका सोपा धडा मला माहीत नाही. वाक्यं लहान, क्रियापदं तीच तीच: घ्या, चिरा, परता, घाला, उतरवा. प्याज, लहसन, अदरक, दही हे शब्द मुलाला आधीच येत असतात, त्यामुळे अर्धं अक्षर ओळखलं की उरलेलं तो बरोबर ताडतो. आणि धडा संपल्यावर खायला मिळतं.

आता पिशवीत जे नाही त्याबद्दल. घरच्या अंदाजाचं लिखित माप करणं अवघड असलं तरी ते याआधी झालेलं आहे. १९७० साली किर्लोस्करांनी कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' काढलं. घरोघरी ते चाललं, त्याचं एक मोठं कारण वाटी-चमच्याचं माप. नवीन लग्न झालेल्या मुलीला त्यावरून हात बसवता आला. आपल्या ओळखीच्या जगातलं दुसरं उदाहरण समुद्रापलीकडचं आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला मुस्लिम बायकांनी १९५४ साली विमेन्स कल्चरल ग्रुप नावाचं मंडळ काढलं. त्यांनी आपापल्या घरांतल्या कृती गोळा केल्या आणि झुलेखा मयात यांच्या संपादनाखाली १९६१ साली 'इंडियन डिलाइट्स' हे पुस्तक छापलं. त्या घरांची मुळं हिंदुस्थानात होती आणि बायका अंदाजानेच रांधणाऱ्या होत्या. पुढे त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि आलेल्या पैशातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. या बायका काही कुणी मोठ्या आचारी नव्हत्या. आपल्या घरचं लिहून ठेवण्यासारखं आहे, एवढं त्यांना पटलं होतं.

आपल्याकडे अडतं ते इथेच. दादीला विचारलं तर ती म्हणते, "त्यात काय लिहायचं? अंदाजाने घालायचं." ती खरंच सांगते आहे. तिला माप विचारू नका, ती करत असताना तुम्ही मापा. मी घरी वापरते ती पद्धत सोपी आहे. तांदळाचा डबा, तेलाची बरणी, मसाल्याचा डबा यांचं वजन आधी करून कागदावर लिहून ठेवायचं. मग तिला नेहमीसारखं करू द्यायचं, मध्ये हात धरायचा नाही. काम झालं की डबे पुन्हा काट्यावर. जो फरक येईल तो तिचा अंदाज. नारळ किती फोडले, पहिलं दूध किती वाट्या निघालं, दुसरं किती, हे मोजायचं. वेळ घड्याळाने लिहायची, पण तिची खूणही तशीच लिहायची: "कांदा विटकरी झाला की", "वास बदलला की". मिनिटं चुलीप्रमाणे बदलतात, खूण बदलत नाही.

नमुना म्हणून आमच्या घरचं सांदण असं उतरवून घेतलेलं देते. दोन वाट्या तांदळाचा रवा धुऊन दोन तास भिजवायचा आणि पाणी निथळून टाकायचं. एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध काढायचं, सुमारे दीड वाटी. अर्धा चमचा कोरडं यीस्ट आणि चमचाभर साखर कोमट पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवायची, फेस आला पाहिजे. रवा, दूध, यीस्ट, अर्धी वाटी साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून इडलीच्या पिठाइतकं सैल ठेवायचं. घट्ट वाटलं तर थोडं दुसरं दूध घालायचं. झाकून दोन ते तीन तास उबेला. पीठ फुगलं की पुन्हा ढवळायचं नाही. तूप लावलेल्या लहान वाट्या अर्ध्या भरून बारा ते पंधरा मिनिटं वाफवायचं. खूण: बोट लावलं तर चिकटत नाही आणि दाबलेली जागा परत वर येते. मटणाच्या रश्शाबरोबर खायचं असेल तर साखर दोन चमच्यांवर आणायची. तुमच्याकडे माप वेगळं असेल. ते वेगळंच लिहा, माझ्यासारखं करू नका.

ईदच्या दोन दिवस आधी आमच्या हातखंबा तिठ्यावर उभं राहिलं तर मुंबईची गाडी आली की पिशव्या आणि मुलं घेऊन माणसं उतरताना दिसतात. कुणी पुढे रत्नागिरीला जाणार, कुणी पालीकडे, कुणी आत गावात. आखातातली मंडळी रजा जमवून येतात. वर्षभर चार शहरांत असलेलं कुटुंब याच दोन-तीन दिवसांत एका दस्तरखानावर बसतं. एरवी फोनवर कृती विचारणाऱ्या मुली आणि कृती येणाऱ्या बायका तेव्हा एकाच स्वयंपाकघरात असतात.

म्हणून या ईदला दोन पदार्थ ठरवून घ्या. एक पिशवीतला: एखादं जुनं कात्रण निवडा, ते मुलांना मोठ्याने वाचू द्या, आणि ज्यांनी ते कापून ठेवलं त्यांच्यासाठी दुआ करून तो पदार्थ करा. बिघडला तरी खाल्ला जाईल, ईदच्या दिवशी कुणी फार बोलत नाही. दुसरा पिशवीत नसलेला: तो आजी, आई किंवा सासू करतील आणि घरातलं कुणीतरी काटा आणि वही घेऊन शेजारी उभं राहील. हे काम मुलग्यालाही द्या. कुवेतच्या खोलीत चार मित्रांबरोबर राहणाऱ्याला त्या वहीची गरज जास्त असते.

कृती लिहून झाली की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका, पण वही घरातच ठेवा. फोन बदलतात. आणि प्रत्येक कृतीखाली तीन गोष्टी लिहायला विसरू नका: जिने केली तिचं नाव, तिचं गाव, आणि ती हे कुणाकडून शिकली. खालेच्या आखनीखाली लिहायला नाव आणि गाव आमच्याकडे आहे. वरची कृती तिची थोरली जाऊ सांगते आहे. तिला आता नीट उभं राहवत नाही, म्हणून ती खुर्चीवर बसून सांगते आणि सून करते. पहिल्यांदा पाणी जास्त झालं, दुसऱ्यांदा मीठ कमी. बकरी ईदला तिसऱ्यांदा करायची आहे, इन्शाअल्लाह.