निवृत्तांचे आजारपण मागणीपत्रात आले पाहिजे

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी ३१ वर्षे लेथवर काम केले. युनियनचा प्रतिनिधी म्हणून चार करारांच्या वाटाघाटींत बसलो. पगारवाढ, बोनस, कॅन्टीन, इतकेच काय पण लघवीला जाण्यासाठी लागणाऱ्या वेळेवरूनही आम्ही व्यवस्थापनाशी भांडलो. मात्र निवृत्त कामगाराच्या औषधपाण्याचे कलम आमच्या एकाही मागणीपत्रात नव्हते. २०२२ साली, वयाच्या ६४ व्या वर्षी मला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा ही चूक किती महागात पडते ते कळले.

रात्री चार-पाच वेळा उठावे लागत होते. वय झाले म्हणून मी गप्प राहिलो. पत्नीलाही सांगायला लाज वाटली. आठ महिन्यांनी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची पी.एस.ए. तपासणी करायला सांगितली. माझ्या वयाला हा आकडा साधारण चारच्या आत असावा लागतो. माझा ८६ निघाला. बायॉप्सी झाली, हाडांचा स्कॅन झाला. रोग कंबरेच्या हाडापर्यंत पोहोचला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वारंवार लघवीला जावे लागणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो, ग्रंथी वयोमानाने नुसती वाढलेली असते. पी.एस.ए. वाढला म्हणजे कर्करोगच, असेही नाही. उलट सुरुवातीच्या कर्करोगात बहुधा काही त्रासच जाणवत नाही. म्हणून पन्नाशीनंतर, आणि वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर त्याआधीच, तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे.

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. ते बंद केले तर रोग आटोक्यात येतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डॉक्टरांनी मला दोन मार्ग सांगितले : ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घेत राहणे, किंवा शस्त्रक्रिया करून अंडग्रंथी काढून टाकणे. गुण सारखाच. पण इंजेक्शन थांबवता येते, शस्त्रक्रिया कायमची. इंजेक्शनचा खर्च जन्मभराचा, शस्त्रक्रियेचा एकदाच. मी शस्त्रक्रिया निवडली. संमतिपत्रावर सही माझी आहे, पण निर्णय खिशाने घेतला.

खिसा रिकामा का होता? पगार मर्यादेपलीकडे गेला तेव्हा ई.एस.आय.चे कार्ड बंद झाले होते. पगारवाढीच्या आनंदात आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. कंपनीचा गट विमा २०१६ साली, ५८ व्या वर्षी निवृत्त झालो त्याच दिवशी संपला. किदवई स्मारक संस्थेसारखी सरकारी कर्करोग संस्था या शहरात १९७३ पासून आहे, ही मोठी गोष्ट. परंतु कर्नाटकाच्या २०१८ च्या आरोग्य योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार दिले, तर इतरांना ठरलेल्या दराच्या ३० टक्केच. मुलगा नोकरीला असल्याने आम्ही इतरांत. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये ५ लाखांचे संरक्षण सर्वांना खुले केले, तेही वयाच्या ७० नंतर. ५८ ते ७० या बारा वर्षांत कामगाराने काय करायचे?

काही सहकारी म्हणतात, युनियन कामावर असलेल्यांची. निवृत्तांना मुले आहेत, सरकार आहे. हे मला पटत नाही. धडधाकट वयात आपल्या पगारातून वर्गणी कापली जाते आणि आजारपणाचे वय आले की संरक्षण संपते. हा हिशेब मालकाच्या सोयीचा आहे. आजचा तरुण कामगार उद्या याच रांगेत उभा राहणार आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. पुढच्या प्रत्येक करारात निवृत्त कामगार व त्याच्या जोडीदाराच्या वैद्यकीय योजनेची मागणी असावी आणि तिच्यात मालकाचा वाटा असावा. ई.एस.आय.ची पगारमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली आणि मग वर्षानुवर्षे तिथेच राहिली. ती वेतनवाढीशी जोडली जावी. किमान ५ वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून ई.एस.आय.ची वैद्यकीय मदत मिळू शकते, हे आपल्या किती सभासदांना ठाऊक आहे? पगारमर्यादेमुळे बाहेर पडलेल्यांपैकी काहींना ती देण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. मी आधी निवृत्त झाल्याने त्यात बसत नाही. जे बसतात त्यांचे अर्ज युनियन कार्यालयाने भरून द्यावेत.

आणि बोलायला शिकावे. निवृत्तांच्या सभेत मी हे सारे सांगितले तेव्हा एकानेही प्रश्न विचारला नाही. सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर चौघांनी मला एकेकट्याने बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “ती तपासणी कुठे होते?” हा प्रश्न भर सभेत विचारला गेला पाहिजे.