पेल एलची दंतकथा आणि मोहाचा गुन्हा

१/
इंग्लिश धाटणीची म्हणून 'पेल एल' नावाची बिअर आता मोठे कारखानेही बनवू लागले आहेत. तिच्यासोबत एक गोष्टही फिरते : इंग्रजांनी हिंदुस्थानच्या उन्हाळ्यासाठी मुद्दाम शोधून काढलेले हे पेय, म्हणजे जणू आपलाच वारसा. ही गोष्ट बव्हंशी खोटी आहे. तिच्यातून जे वगळले जाते ते मात्र खरे आहे, आणि ते तापी व नर्मदेच्या खोऱ्यांत, आपल्या खानदेशात घडले आहे. म्हणून हा दीर्घ धागा.

२/
आधी दंतकथा. ती अशी : अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉर्ज हॉजसनला काळजी पडली की साधी बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोचेपर्यंत आंबते. मग त्याने हॉप्स वाढवले, मद्यार्क वाढवला, आणि 'इंडिया पेल एल' जन्मास आली. गोष्ट सुटसुटीत आहे. सुटसुटीत गोष्टींविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेहमी साशंक असावे.

३/
हॉजसन खरा, त्याचा बो येथील कारखानाही खरा. त्याच्या यशाचे रहस्य मात्र पाककृतीत नव्हते, पत्त्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगरत तिथून हा कारखाना जवळ होता. जहाजावरील अधिकाऱ्यांना खाजगी व्यापाराची मुभा असे, आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. जवळचा दुकानदार आणि लांबची उधारी! आपल्या बाजारपेठेत वाढलेल्या कोणालाही हे गणित समजावून सांगावे लागू नये.

४/
पेल एल हॉजसनच्या आधीही होती. जास्त हॉप्स घालून, थंडीत गाळून, महिनोन्महिने मुरवण्याची 'ऑक्टोबर बिअर' इंग्लंडात रूढ होती. चार ते सहा महिन्यांचा, दोनदा विषुववृत्त ओलांडणारा प्रवास काळी पोर्टर बिअरही सुखरूप करीत असे, आणि गोऱ्या शिपायांच्या पोटात तीच अधिक जात असे. पेल एल हे मुख्यतः अधिकारी व मुलकी साहेबांचे पेय होते. तत्कालीन मानाने ती फारशी कडक म्हणावी अशीही नव्हती.

५/
'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात आढळते ते १८२९ साली, तेही सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत. म्हणजे माल पूर्वेकडे जाऊ लागल्याला अर्धे शतक उलटून गेले होते! मार्टिन कॉर्नेल या बिअर-इतिहासकाराने जुनी वृत्तपत्रे चाळून दंतकथेचे हे सारे धागे एकेक करून उसवले आहेत.

६/
पुढे हॉजसनच्या वारसांना मक्तेदारीचा मोह झाला. त्यांनी दर चढवले, उधारी आखडली, जहाजवाल्यांना डावलून स्वतःच व्यापार सुरू केला. तेव्हा १८२२ च्या सुमारास कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठले. रशियाच्या जकातीमुळे ऑलसॉपची बाजारपेठ बुडाली होती, आणि बर्टनच्या पाण्यात नैसर्गिक जिप्सम होते, ज्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उमटतो. थोडक्यात, या पेयाचा इतिहास हा उधारी, जकात आणि मक्तेदारी यांचा इतिहास आहे. आपल्या उन्हाळ्याविषयीच्या ममतेला त्यात कोठेही जागा नाही.

७/
आता चवीकडे वळू, कारण दाव्याची परीक्षा ग्लासातच होते. अशा एका मोठ्या कारखान्याची पेल एल मी जाणीवपूर्वक चाखली. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. रंग फिकट सोनेरी. फेस क्षणभर भरघोस, मग भांड्याच्या कडेला चिकटलेली पांढरी रेघ. वास संत्र्याच्या सालीचा, किंचित शिंपडल्यासारखा. पहिल्या घोटाला गोडसरपणा, दुसऱ्याला पाणचटपणा, आणि जिथे कडवटपणाने जीभ कोरडी करून पुढचा घोट मागायचा तिथे रिकामी जागा.

८/
यामागे तंत्र आहे. 'एल' उबदार तापमानात वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवतात, त्यातून फळांसारखे सुवास येतात. 'लागर' थंडीत, तळाशी बसणाऱ्या यीस्टने, संथपणे आंबते आणि स्वच्छ, सपाट लागते. आपल्या देशातील मोठ्या कारखान्यांची सारी घडी लागरवर, तीतही 'स्ट्राँग' लागरवर बसलेली आहे. मॉल्टसोबत तांदूळ, मका वा साखर वापरून अंग हलके करायचे आणि बर्फासारखी थंड पाजायची, ही त्यांची सवय. इंग्लिश पेल एल तळघराच्या गारव्यात, दहा-बारा अंशांना बोलू लागते. चार अंशांवर कोणतीही बिअर मुकीच असते.

९/
जळगावच्या वैशाखात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, दहा-बारा अंशांचा आग्रह धरणे हा पंडिती हट्ट आहे, हे मला मान्य आहे. ती बिअर शेवभाजीच्या तिखटापुढे गार लागली, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण मग तिला 'गार बिअर' म्हणावे. जी चव ग्लासात नाही तिची भरपाई लेबलावरच्या गोष्टीने करायची, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे.

१०/
यावर कोणी म्हणेल, 'एका बिअरच्या लेबलावर एवढा त्रागा कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. त्रागा लेबलावर नाही, त्या लेबलाने झाकलेल्या पानावर आहे. इंग्रजांचे पेय मुंबईच्या धक्क्यावर उतरत होते त्याच शतकात त्याच सरकारने येथील एका पेयाला गुन्हा ठरवले. ते पेय म्हणजे मोहाची दारू.

११/
१८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीकडे आला आणि खानदेश जिल्हा झाला. धुळे हे त्याचे मुख्य ठाणे. डोंगरातील भिल्ल सहजी वश होईनात, म्हणून १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश झाले, तेच पुढे जळगाव व धुळे. आजचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १९९८ साली वेगळा झाला.

१२/
या डोंगरात मोह हे केवळ झाड नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात. बायका-मुले उजाडण्यापूर्वी ती वेचतात. वाळवून ठेवलेले फूल टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देते, बियांचे तेल निघते, आणि भिजवून आंबवलेल्या फुलांपासून मडक्यात दारू गाळतात. जन्म, लग्न, मृत्यू, देवकार्य, पंचायतीचा निवाडा या सर्वांत तिला स्थान. आधी चार थेंब देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना.

१३/
१८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. त्यामागचे प्रमुख डोके अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांचे. धोरण असे : घरोघरची गाळप बंद करायची, गाळप मध्यवर्ती कारखान्यांत आणायची, विक्रीचा मक्ता लिलावाने द्यायचा आणि महसूल वाढवायचा. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या म्होवरा कायद्याने फुलांवरच निर्बंध घातले. झाडावरून गळलेले फूल घरात साठवणे हा अपराध! कायद्याच्या इतिहासात इतके निष्पाप मुद्देमाल फार थोडे सापडतील.

१४/
परिणाम काय झाला? ज्या घरात दारू गाळली जात होती ते घर आता गुत्त्याचे गिऱ्हाईक झाले. पूर्वी फुलांच्या हंगामाने आणि सणांच्या पंचांगाने पिण्याला आपोआप मर्यादा होती. गुत्ता बारमाही होता आणि उधार देत होता. उधारी वाढली की पीक जाई, मग बैल, मग जमीन. हॉजसनची उधारी जहाजाच्या कप्तानाला श्रीमंत करीत होती. गुत्तेदाराची उधारी आदिवासीला भूमिहीन करीत होती.

१५/
आणि याच काळात लष्करी अधिकारी गोऱ्या शिपायांना कडक दारूपासून परावृत्त करण्यासाठी बिअरला उत्तेजन देत होते. एकाच राज्यकर्त्याच्या दप्तरात जवाच्या आंबवणीला आरोग्य आणि मोहाच्या आंबवणीला व्यसन अशी दोन नावे होती. रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच : साखर, यीस्ट, मद्यार्क. मोहाचा अर्क गाळीव असल्याने अधिक कडक, हे खरे. पण मग साहेबाच्या ब्रँडीला हा न्याय का लागला नाही?

१६/
येथे दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणालाही आवर घालतो. इंग्रजांपूर्वी सारे आलबेल होते असे मुळीच नाही. पेशवाईतही मद्यावर निर्बंध होते. आणि दारूने आदिवासी घरांची जी धूळधाण केली ती आदिवासींनीच सर्वांत आधी ओळखली. १९२०च्या दशकात 'देवी'च्या चळवळीने दक्षिण गुजरातेत हजारोंना दारू सोडायला लावली. डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर इतिहास लिहिला आहे.

१७/
आपल्या तळोदा परिसरात १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी हेच केले. भिल्लांनी एकमेकांना 'आप' म्हणून संबोधावे, स्वच्छ राहावे, दारू सोडावी, ही त्यांची शिकवण. ज्याला जगाने सदैव 'अरे-तुरे' केले त्याने शेजाऱ्याला 'आप' म्हणायचे! त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी कार्य चालवले. ही दारूबंदी वरून लादलेली नव्हती. गुत्त्याच्या अर्थकारणाविरुद्धचे ते बंड होते, म्हणूनच सरकारला ते खुपले.

१८/
स्वातंत्र्यानंतर काय पालटले? मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मोहफुलांवरील निर्बंध त्यात कायम राहिले, आणि आता ते ठाणे-कुलाब्यापुरते नव्हते. हाच कायदा आज 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने जिवंत आहे. त्याच्याच छत्राखाली परमिट रूम चालतात, बिअर कारखान्यांना परवाने मिळतात आणि तिजोरी भरते. नाव दारूबंदीचे, व्यवहार दारूविक्रीचा. आणि खरी बंदी उरली ती मडक्यावर. मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील बंधने सैल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.

१९/
शेजाऱ्यांकडे पाहा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली तिला वारसा पेयाचा मान मिळाला. मध्य प्रदेशाने २०२२ च्या सुमारास मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली, आणि तिचे उत्पादन अलिराजपूरच्या आदिवासी बचत गटाकडे दिले. अलिराजपूर आणि आपले धडगाव यांच्यामध्ये फक्त नर्मदा आहे. नदीच्या त्या काठावर वारसा, या काठावर मुद्देमाल!

२०/
'म्हणजे तुम्हाला आणखी दारू हवी आहे का?' असे विचारले जाईल. नाही. मला निर्णयाचा अधिकार योग्य हाती हवा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, तसेच चोपडा, यावल, रावेर, साक्री व शिरपूर तालुक्यांतील आदिवासी गावे या क्षेत्रात येतात. ग्रामसभा गुलाम महाराजांच्या वाटेने जाऊन बंदी करील तर ती कसोशीने पाळली जावी. ती मर्यादित गाळपाला संमती देईल तर पोलिसाने मडके फोडू नये.

२१/
आणि कारखानदारांना एकच विनंती. पेल एल जरूर बनवा. उबदार आंबवा, हॉप्समध्ये कंजुषी करू नका, लागरच्या अंगावर एलचा सदरा चढवू नका. कसौलीची जुनी 'लायन' बिअरही आरंभी पेल एलच होती, पुढे ती लागर झाली. म्हणजे या देशाला तो कडवटपणा परका नाही. मात्र साम्राज्याच्या उधारीची वही 'आपला वारसा' म्हणून विकू नका.

२२/
ज्यांना वारसाच हवा असेल त्यांनी चैत्राच्या पहाटे सातपुड्याच्या पायथ्याशी जावे. तिथे पाटी घेऊन फुले वेचणाऱ्या बाईच्या आजीला त्याच फुलांपायी चौकीवर उभे केले गेले असेल, हे ध्यानात ठेवावे. वारशावर पहिला हक्क तिचा आहे. ते फूल खायचे, विकायचे, गाळायचे की नुसते वाळवायचे, हे तिने आणि तिच्या गावाने ठरवावे.

(धागा समाप्त)